पाइपवाला विश्वविजेता

२०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत भारतीय महिलांनी लॉन बोल्सचं सुवर्णपदक पटकावलं, तेव्हा कुठे आपल्याकडे अनेकांना हा खेळ ठाऊक झाला. या खेळातलं सर्वांत गाजलेलं नाव इंग्लंडच्या डेव्हिड ब्रायंट यांचं.

सॉमरसेटमधल्या क्लीव्हडन या समुद्रकाठच्या गावी १९३१ मध्ये ते जन्मले. पेशा शिक्षकाचा. १९६२ साली पर्थच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी एकेरीचं सुवर्ण जिंकलं. पुढच्या खेपेला, किंग्स्टनला, हा खेळच वगळला गेला. एक पदक तिथे हुकलं असं म्हणायला हरकत नाही. कारण नंतर एडिंबरा, क्राइस्टचर्च आणि एडमंटन, तिन्ही ठिकाणी एकेरीचं सुवर्ण त्यांचंच.

खेळ दिसतो सोपा. हिरवळीवर ‘जॅक’ नावाचा लहान चेंडू असतो. आपला चेंडू, म्हणजे ‘बोल’, त्याच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन थांबवायचा. गोम अशी, की बोल पुरता गोल नसतो. एका अंगाला त्याची घडण किंचित वेगळी, त्यामुळे तो सरळ जातच नाही, आणि वेग ओसरला की आणखी वळतो. म्हणून नेम जॅकवर नव्हे, चांगला बाजूला धरायचा. ब्रायंट मॅटवर चक्क उकिडवे बसत, वाट न्याहाळत, मग अर्धवट उठून पाऊल टाकत बोल सोडत. दातांत पाइप, तोही बरेचदा न पेटवलेला!

१९८६ मध्ये ब्रिटनमधला ‘पाइपमन ऑफ द इयर’ हा किताबही त्यांना मिळाला. दोन वर्षांनी तो क्रिकेटवीर इयान बोथम यांच्याकडे गेला. पण या पाइपनं ब्रायंट यांचं थोडं नुकसानच केलं. फावल्या वेळात खेळणारे निवांत गृहस्थ, अशी त्यांची प्रतिमा झाली.

आकडे निराळंच सांगतात. १९६६ साली पहिली जागतिक स्पर्धा ऑस्ट्रेलियात झाली, तिथे एकेरीचे विजेते तेच. १९८० मध्ये पुन्हा तेच, आणि १९८८ मध्ये ऑकलंडला, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी, तिसऱ्यांदा! बंदिस्त हॉलमधलं एकेरीचं विश्वविजेतेपद १९७९ पासून सलग तीन वर्षं.

दुहेरीत त्यांचे जोडीदार टोनी ऑलकॉक, वयानं जवळपास चोवीस वर्षांनी लहान. या जोडीनं हॉलमधलं सहावं विश्वविजेतेपद १९९२ मध्ये मिळवलं. त्याच वर्षी मैदानावरचं एकेरीचं जेतेपद मात्र ब्रायंट यांच्या हातून गेलं. ते ऑलकॉक यांनी पटकावलं.