ढगाळ रात्र आणि आकाशदर्शन
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आकाशदर्शनाची हौस असलेल्या शिक्षकाला दोन अडचणी नेहमी आडव्या येतात. एक ढगांची व दुसरी दिव्यांच्या उजेडाची. पहिली निसर्गाने आणलेली, दुसरी आपण निर्माण केलेली. या दोहोंपायी शाळेतील आकाशदर्शनाचा कार्यक्रम रद्द होतो आणि एकदा रद्द झालेला कार्यक्रम बहुधा पुन्हा होत नाही. म्हणून या अडचणींविषयी अनुभवाच्या चार गोष्टी आपणांपुढे मांडण्याचे मी योजिले आहे.

प्रथम माझ्या फजितीची हकीकत सांगतो. काही वर्षांपूर्वी मार्गशीर्ष अमावास्येच्या सुमारास, रात्री आठ वाजता, मी मुलांना शाळेच्या पटांगणात जमविले. मृग नक्षत्र दाखवावयाचे होते. परंतु ऐन वेळी अवकाळी ढगांनी आकाश झाकून टाकले. “आज तारे नाहीत, घरी जा,” असे मी म्हणालो. तेव्हा चौथीतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, तारे नाहीत की दिसत नाहीत? मृग आत्ता कुठे असेल, ते बोटाने दाखवा ना.” मला दाखविता आले नाही. मृग दिसला की ओळखणे एवढेच माझे ज्ञान होते. त्या रात्री ढगांनी तारे झाकले, पण माझे अज्ञान मात्र उघडे केले.

पुढे मी एक रीत ठरविली. कोणताही तारा रोज सुमारे चार मिनिटे आधी उगवतो, म्हणजे पंधरा दिवसांत एक तास आधी. निरभ्र रात्री मृग कोणत्या वेळी कोणत्या झाडावर वा देवळाच्या कळसावर आला, हे वहीत टिपून ठेवावे. ढगाळ रात्री मुलांनी त्यावरून हिशेब करावा व मृगाच्या दिशेने जमिनीवर चुन्याने बाण काढावा. ढग फाटले की पडताळा पाहावा. आमचा पहिला बाण बराच चुकला, परंतु तो का चुकला हे शोधण्यात मुलांनी जो आनंद घेतला, तो नुसते तारे पाहून त्यांना झाला नसता. चंद्राचेही असेच करता येते. तो रोज सरासरी 50 मिनिटे उशिरा उगवतो.

ढगांनी थोरामोठ्यांचीही परीक्षा घेतली आहे. ल जांती नावाचा फ्रेंच ज्योतिर्विद सूर्यबिंबावरून होणारे शुक्राचे अधिक्रमण पाहण्यासाठी 1760 मध्ये पाँडिचेरीस येण्यास निघाला. वाटेत युद्धामुळे ते शहर इंग्रजांच्या हाती गेल्याचे कळले आणि 1761 चे अधिक्रमण त्याला हलत्या जहाजावरून पाहावे लागले. त्याची मोजमापे निरुपयोगी ठरली. पुढच्या अधिक्रमणासाठी तो आठ वर्षे पूर्वेकडेच राहिला. 1769 च्या जूनमध्ये पाँडिचेरीत सर्व तयारी झाली आणि नेमक्या त्या सकाळी ढग आले. अधिक्रमण संपले व मग सूर्य दिसला! तथापि त्याचा सारा काळ वाया गेला नव्हता. मधल्या वर्षांत त्याने मादागास्करच्या किनाऱ्याचे नकाशे केले आणि पाँडिचेरीत आपल्याकडील ग्रहणगणिताची पद्धती शिकून घेतली. वाट पाहणे म्हणजे स्वस्थ बसणे नव्हे, हा धडा त्यातून घ्यावा.

आता दिव्यांविषयी. वर जाणारा उजेड हवेतील धुळीवर व बाष्पावर विखुरतो आणि त्यात मंद तारे बुडून जातात. अमावास्येच्या सुमारास याची एक सोपी परीक्षा करता येते. गावाजवळच्या ढगांचा तळ उजळलेला दिसला, तर तो आपल्याच दिव्यांचा उजेड समजावा. दूर माळरानावर तेच ढग आकाशाहून काळे दिसतात. शहरातील शाळेने निराश होऊ नये. चंद्र, ग्रह व ठळक तारे तेथूनही दिसतात, आकाशगंगा मात्र दिसत नाही. भिंतीच्या आडोशाला उभे राहावे, शाळेचे दिवे मालवावेत आणि डोळ्यांना अंधाराची सवय होण्यास वीस ते तीस मिनिटे द्यावीत. विजेरीच्या काचेवर लाल कागद बांधावा.

शिवाय एक नोंदवही ठेवावी. दरवर्षी त्याच सुमारास, चंद्र नसताना, त्याच जागेवरून मृगाच्या चार पायांमधील चौकोनात किती तारे दिसले ते मुलांनी मोजावे. संख्या वर्षानुवर्षे घटत गेली, तर ती वही ग्रामपंचायतीपुढे ठेवावी. दिवे काढा असे कोणी म्हणत नाही. त्यांचा उजेड रस्त्यावर पडावा, आभाळात जाऊ नये, एवढीच मागणी असावी. आपल्याच नागपूर जिल्ह्यातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये अंधाऱ्या आकाशाचे उद्यान म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. हा मान भारतात प्रथम पेंचला लाभला. मनावर घेतले तर आकाश राखता येते, याचे हे उदाहरण होय.

शेवटी एक व्यवहाराची सूचना. कार्यक्रमासाठी कधीही एकच रात्र ठरवू नये. लागोपाठच्या तीन रात्री राखून ठेवाव्यात. जून ते सप्टेंबर हे महिने नकाशे काढण्यास व पंचांग वाचण्यास द्यावेत आणि नोव्हेंबर ते मार्च हे प्रत्यक्ष दर्शनास. आणि तरीही ढग आलेच, तर मुलांना घरी पाठविण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: “आत्ता मृग कोठे आहे?” उत्तरादाखल मुलांचे हात आभाळाकडे वळले, तर ती रात्र फुकट गेली नाही असे समजावे.