नोटेला आडनाव नसतं

(शहागड येथे तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण)



मला इथं कविता वाचायला बोलावलंय. कविता नंतर वाचीन. आधी सर्व्हरबद्दल बोलायचंय. हसताय ते ठीक आहे. मी मॅट्रिक माणूस. मुंबईच्या गोदीत ठेकेदाराच्या हाताखाली ओझी उचलतो. रात्री खोलीवर भंगारातून आणलेल्या कॉम्प्युटरवर पैशाचा सर्व्हर चालवतो. पैसा खोटा, सर्व्हर खरा. हे कशासाठी, ते सांगतो.

तुम्ही बहुतेक जण शहरात राहता, सणासुदीला गावी येता. आता येताना हायवेवर टपरीवर चहा घेतला असेल. मोबाईल काढला, चौकोनी ठिपक्यांच्या कागदावर धरला, दहा रुपये गेले. डबा बोलला, दहा रुपये मिळाले. डबा फक्त रक्कम बोलतो. पण टपरीवाल्याच्या मोबाईलवर तुमचं नाव उमटतं. आडनावासकट. तसंच गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर टपरीवाल्याचं.

या देशात आडनाव म्हंजे काय, ते तुम्हाला मी सांगायची गरज न्हाई. शहरात खोली मागायला गेलं की घरमालक पगार मागाहून विचारतो, आडनाव आधी. मळकी दहाची नोट कुणाच्याही हातातून कुणाच्याही गल्ल्यात जाते. तिला कुणी पूर्ण नाव विचारत नाही. नोटेला आडनाव नसतं. आपण तिला सोडून मोबाईल घेतला, तेव्हा ही गोष्ट हातातून सुटली आणि कुणी बोंबसुद्धा मारली नाही.

आता वहीकडं या. या भागातल्या ऊसतोड कामगाराला विचारा. उचल घ्यायची, बायकापोरं घेऊन कोयत्यावर जायचं, सहा-सहा महिने पाचट तुडवायचं. वही मुकादमाकडं. किती फिटलं, किती राहिलं, ते वही सांगणार. वही उघडून बघायची सोय नाही. बघितली तरी वाचता येत नाही. पिढ्यानपिढ्या आपल्याला लुटलं ते असं बंद वहीनं.

सर्व्हर म्हंजे दुसरं काय? वहीच. लोखंडी कपाटात ठेवलेली, वीज पिणारी वही. मागं माझी अठरा दिवसांची मजुरी अडकली. ठेकेदार म्हणाला, टाकली. बँकेच्या खिडकीवरचा म्हणाला, आली नाही. तिसरा म्हणाला, सर्व्हर डाऊन. तिघंही खरं बोलत असतील किंवा तिघंही खोटं. मी कशावरनं ठरवू? वही कुठं आहे?

रोजगार हमीवर १ जानेवारी २०२४ पासून मजुरी आधारशी जोडून द्यायची सक्ती झाली. ज्या महाराष्ट्रानं १९७२ च्या दुष्काळात खडी फोडत रोजगार हमी उभी केली, तिथल्या मजुराचा घाम आता आधारच्या नंबरातून जातो. नाव जुळलं नाही, नंबर चुकला, की घाम जमा होत नाही.

यूपीआय एनपीसीआय नावाची संस्था चालवते. ती २००८ साली निघाली. यूपीआय आलं एप्रिल २०१६ मध्ये. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजाराच्या नोटा मेल्या आणि ३० डिसेंबरला पंतप्रधानांनी भीम ॲप काढलं. नाव बाबासाहेबांचं. ऑगस्ट २०२५ मध्ये यूपीआयवर एका महिन्यात दोन हजार कोटींवर व्यवहार झाले. सोय मोठी आहे, मी नाकारत नाही. मीही तेच वापरतो. आईला पैसे पाठवायला पूर्वी मनिऑर्डरची रांग होती, आता दोन बोटं पुरतात.

पण भीमचं नाव असलेल्या ॲपवर किती लोक आहेत? बहुतेक व्यवहार फोनपे आणि गुगल पे या दोघांतून. एक वॉलमार्टच्या मालकीचं, दुसरं गुगलचं. एनपीसीआयनं २०२० साली ठरवलं, एका ॲपकडं तीस टक्क्यांवर धंदा नको. ती मुदत २०२४ च्या अखेरीस पुढं ढकलली, २०२६ च्या शेवटापर्यंत. आणि मधला जो मोठा सर्व्हर, जो सगळ्या बँकांना जोडतो, त्याच्या आतली लिखावट तुम्हाआम्हाला वाचायला खुली नाही.

बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनला रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ छापला. चलन चालवणाऱ्याच्या मर्जीवर सोडू नका, त्याला बांधून ठेवा, हा त्यातला मुद्दा. भिंतीवर फोटो लावतो, ॲपला नाव देतो. मुद्दा कुठं गेला?

आता मुक्त सॉफ्टवेअर म्हंजे काय ते ऐका. १९८३ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन नावाच्या माणसानं जीएनयू नावाचं काम जाहीर केलं. त्याचं म्हणणं सरळ. सॉफ्टवेअर कशासाठीही चालवता आलं पाहिजे. आतलं वाचून बदलता आलं पाहिजे. दुसऱ्याला देता आलं पाहिजे. आपण केलेला बदलही वाटता आला पाहिजे. फुकट असणं हा मुद्दा नाही, मोकळं असणं हा मुद्दा. ज्यांच्या बापजाद्यांना अक्षर ऐकायची बंदी होती, त्यांना हे जास्त समजावून सांगावं लागू नये. बंगळुरूच्या एका झोपडपट्टीत मुक्त सॉफ्टवेअरवाल्या कार्यकर्त्यांनी बाबासाहेबांच्या नावानं कॉम्प्युटर केंद्र चालवलं, वस्तीतली पोरं तिथं चित्रं काढायला शिकली.

याच जीएनयूच्या घरातलं पैशाचं सॉफ्टवेअर आहे, टेलर. त्याची मूळ युक्ती डेव्हिड चॉम या माणसानं १९८०च्या दशकात काढली. आंधळी सही. समजा, तुम्ही कोऱ्या चिठ्ठीवर नंबर लिहिला, कार्बन लावून पाकिटात घातली. बँकेनं तुमच्या खात्यातनं दहा रुपये कापले आणि पाकिटावर वरून सही केली. सही आतल्या चिठ्ठीवर उमटली, पण नंबर बँकेनं पाहिला नाही. ती चिठ्ठी दुकानदाराकडं गेली, तिथून बँकेकडं परत आली. बँक म्हणते, सही माझी, पैसा खरा. पण कुणाला दिली होती, ते तिला सांगता येत नाही. तीच चिठ्ठी दुसऱ्यांदा आली तर मात्र पकडते. चॉमनं त्यावर कंपनी काढली, ती १९९८ साली बुडाली. टेलरनं तीच युक्ती मोकळ्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. २०२५ साली स्वित्झर्लंडमध्ये ते खऱ्या पैशात चालू झालं.

यात पैसे देणारा झाकलेला, घेणारा उघडा. दुकानदाराची कमाई दिसते, कर चुकत नाही. काळा पैसेवाल्याची सोय नाही, चहा पिणाऱ्याची आहे.

उभं कसं करायचं? कॉम्प्युटरवर डेबियन टाका. तेही मोकळं. त्यावर पोस्टग्रेस, ही खरी वही. दारावर एन्जिनएक्स, हा रखवालदार. मग टेलरचा एक्स्चेंज, म्हंजे नाणी देणारा-घेणारा. त्याची कामं वाटलेली असतात. एक जण बँकेत पैसे आले का बघतो, एक जण दुकानदाराची चिल्लर गोळा करून बेरीज मारतो, एक जण ती बँकेत पाठवतो. सहीच्या किल्ल्या सांभाळणारा वेगळा. गोदीतल्या टोळीसारखंच, हुकवाला वेगळा, टॅली लिहिणारा वेगळा. आणि सगळ्यात मोठी किल्ली ज्या कॉम्प्युटरवर, त्याला नेटची वायरच लावायची नाही. दुकानदाराचा सर्व्हर निराळा, मोबाईलमध्ये पाकीट निराळं. आणि तपासनीस बाहेरचा, जो वही तपासतो.

मी माझ्या खोलीतल्या चलनाचं नाव ठेवलंय भाकर. खोलीतले चौघं एकमेकांना भाकरी देतो-घेतो. खऱ्या रुपयात असं करायचं तर २००७ च्या कायद्यानं रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते, ती काय आपल्याला कुणी देत नाही. मग उपयोग काय? उपयोग हाच, की आता कुणी सर्व्हर डाऊन म्हणालं तर मी विचारतो, कुठला? पैसे आल्याचं बघणारा, की पाठवणारा? समोरचा पहिल्यांदा मान वर करून बघतो.

भाबडं होऊ नका. सॉफ्टवेअरनं जात जात नाही. पासवर्ड चार हुशार पोरांकडंच राहिला तर तेच उद्याचे मुकादम, मग ती पोरं आपल्या वस्तीतली का असेनात. आणि फेब्रुवारी २०२४ आठवा. अंबड तालुक्यात संचारबंदी लागली, जालना, बीड, संभाजीनगरात काही तास नेट बंद. नेटच कापलं तर यूपीआय काय, टेलर काय, सगळंच मुकं. म्हणून रोख नोट मरू द्यायची नाही. ती म्हाताऱ्यांची आहे, साध्या फोनवाल्यांची आहे, ज्याला नाव लपवायचंय त्याची आहे.

मागणी साधी आहे. आमची मजुरी ज्या वहीतनं जाते, ती वही वाचायला मोकळी करा. चहा पिताना आमचं आडनाव मागू नका. मागणी करायची तर आपल्याला वहीची भाषा यायला हवी. ज्याच्याकडं जुना कॉम्प्युटर आहे, त्यानं हात वर करा. जेवण झाल्यावर बसू आणि डेबियन टाकायला सुरुवात करू. कविता मशीन चालू होईपर्यंत वाचतो, त्याला वेळ लागतो.

जयभीम.