रिपोर्टमधला 'कॉम्प्लेक्स'

मी नोएडात एका लॅबमध्ये गुणसूत्रं बघते. म्हणजे खरोखरच बघते: अस्थिमज्जेतल्या पेशी ऐन विभाजनात थांबवायच्या, रंगवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेका पेशीतली ४६ गुणसूत्रं जोडीनं लावायची. साधारण वीस पेशी तरी.

क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल, या रक्ताच्या कर्करोगात २२ नंबरचं गुणसूत्र खुजं दिसतं. नोवेल आणि हंगरफर्ड यांना ते १९६० मध्ये फिलाडेल्फियात दिसलं. ९ आणि २२ मध्ये तुकड्यांची अदलाबदल होते, हे १९७३ मध्ये जॅनेट राउली यांनी दाखवलं. त्यातून बीसीआर-एबीएल हे जोडजनुक तयार होतं आणि पेशी थांबायचं विसरते.

पण शंभरातल्या पाच-दहा रुग्णांत या अदलाबदलीत तिसरं गुणसूत्र घुसतं, कधी चौथंही. मग फिश तपासणीत नेहमीच्या दोन पिवळ्या ठिपक्यांऐवजी बरेचदा एकच दिसतो. असं काही सापडलं की, खरं सांगते, आम्हा लॅबवाल्यांना हरखून जायला होतं.

अशाच एका रिपोर्टवर मी 'कॉम्प्लेक्स' लिहिलं. दोन दिवसांनी रुग्णाच्या भावाचा फोन. खालचं आडनाव वाचून मराठीतच बोलला. "ताई, बाकीच्यांची दोन बिघडतात, आमची तीन. म्हणजे गोळी लागू पडायची नाही ना?" बोनमॅरो बदलायला रान विकायचं घरात चाललं होतं.

माझ्या पोटात गोळा आला. अहो, इमॅटिनिब धरते ती बीसीआर-एबीएलच्या प्रथिनाला. तिसरं कोण आलं, याच्याशी तिला घेणं नसतं. निदानाच्या वेळीच अशी तिहेरी अदलाबदल असली, तरी तेवढ्यानं निकाल बिघडतो असं या गोळीच्या काळातल्या बहुतेक अभ्यासांत दिसलेलं नाही. काळजी वेगळ्या बदलांची: जादा ८ नंबर, दुसरं फिलाडेल्फिया, आणि विशेषतः ते उपचार चालू असताना नव्यानं उगवलं तर.

गोळीच्या किमतीचंही त्याला भय होतं. १ एप्रिल २०१३ ला इथंच दिल्लीत सुप्रीम कोर्टानं ग्लिव्हेकचं पेटंट नाकारलं, म्हणून स्वस्त जेनेरिक मिळत राहिली, हे सांगितलं. म्हटलं, "दादा, डॉक्टरांना विचारा, आणि तीन महिन्यांनी पीसीआर करा. आकडा १० टक्क्यांच्या खाली आला पाहिजे. तोवर रानाला हात लावू नका."

आता त्या शब्दाखाली मी दोन ओळी जास्तीच्या लिहिते. आमचे साहेब म्हणतात, रिपोर्ट दुसऱ्या पानावर जातो. जाऊ दे.