‘टेकावर गेलं नाही’



बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांच्या साहित्यमेळाव्याच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव पुढं आलं तेव्हा मी संयोजकांना स्वच्छ सांगितलं, की माझ्या नावावर ना कथासंग्रह आहे ना कविता. पाच वर्षं नगरसेविका होते. त्या काळात लिहिलं ते अर्ज, ठराव, स्मरणपत्रं आणि शेवटी एक कार्यअहवाल. ते म्हणाले, “मग त्यावरच बोला, ताई.” तेव्हा आज मी नगरसेवकाच्या कार्यअहवालावर बोलणार आहे. हा गद्यप्रकार दर पाच वर्षांनी घरोघर पोचतो आणि दुसऱ्या दिवशी भेळेच्या गाडीवर जातो. हल्ली कागद गुळगुळीत असतो, त्यामुळं भेळवालाही घेत नाही.

बारामतीत उभं राहून मोरोपंतांना नमस्कार न करता बोलणं बरं दिसणार नाही. १७२९ साली पन्हाळ्यावर जन्मलेला हा कवी बाबूजी नाईकांच्या आश्रयानं कऱ्हेकाठी आला आणि १७९४ मध्ये इथंच त्यानं देह ठेवला. त्याच्या केकावलीला आपण काव्य म्हणतो. मला मात्र नगरसेविका झाल्यापासून ती अर्जासारखी वाटते. मोरानं टाहो फोडावा तसा पंतांनी देवाकडं फोडला, पुन्हा पुन्हा, न कंटाळता. नगरसेवकाच्या दारात सकाळी सहाला अशाच केका सुरू होतात: नळाला पाणी नाही, गटार तुंबलं, दिवा गेला. फरक एवढाच, की पंतांचा देव उत्तर द्यायला बांधील नव्हता. आपण आहोत.

आपल्या भागाचं आणि सरकारी कागदाचं नातं फार जुनं आहे, आणि ते साधं नाही. इथून पन्नासेक किलोमीटरवर इंदापूर. १८३० च्या सुमारास प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्यानं तिथं जमिनीची मोजणी करून सारा ठरवला. हिशेब कागदावर मोठा शास्त्रशुद्ध होता: जमिनीचं उत्पन्न काढायचं, त्यातून खर्च वजा करायचा आणि उरलेल्यातले शेकडा ५५ सरकारचे. पण उत्पन्नाचे आकडे ज्यांनी गोळा केले त्यांचे हात स्वच्छ नव्हते, काही आकडे तर शेत न बघताच लिहिलेले होते. त्यात धान्याचे भाव पडले. सारा झेपेना म्हणून कुणब्यांनी रानं टाकली, कित्येक जण मुलूख सोडून गेले. मग १८३५ मध्ये गोल्डस्मिड आणि लेफ्टनंट विंगेट यांनी काम नव्यानं हातात घेतलं. शेताशेतात जाऊन मातीची खोली आणि रंग पाहिला, प्रत्येक शेताला नंबर दिला, सारा कमी केला आणि तो तीस वर्षांसाठी कायम केला. पडीक रानं पुन्हा नांगराखाली आली. पुढं मुंबई इलाख्यात सगळीकडं हीच पद्धत गेली. आपल्या सातबाऱ्यावरचा सर्व्हे नंबर त्याच वंशातला. गोऱ्या साहेबांना मी काही ओवाळायला निघालेले नाही, त्यांना वसुली हवी होती. पण दुसरा अहवाल पहिल्याहून बरा ठरला तो लिहिणारा रानात गेला म्हणून.

दुसरं गाव बारामती तालुक्यातलं सुपे. १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारपेठेत शेतकरी सावकारांच्या दारात जमले. त्यांना मुख्यतः कर्जाची खतं आणि वह्या हव्या होत्या, जाळायला. त्यातून पुढं १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांसाठीचा कायदा आला. आपल्याला वाचता न येणाऱ्या कागदात आपलं रान अडकलंय, हा तो राग होता. इंदापूर आणि सुपे शेजारी ठेवून पाहा: एका ठिकाणी कागद रान न बघता लिहिला, दुसऱ्या ठिकाणी तो लोकांना वाचता येत नव्हता. हे कळल्यापासून माझ्या स्वतःच्या चोवीस पानी अहवालाकडं मी जरा घाबरूनच बघते.

तो अहवाल कसा होता ते सांगते. नगरपरिषद कुठली ते सांगत नाही, दोन्ही गावांतले लोक आपापली समजून घेतील. चोवीस पानांत एकोणीस पानं फोटो. नारळ फोडताना मी, फीत कापताना मी, आणि एका फोटोत नुसतीच कुदळ आणि मी. पाण्याच्या पानावर वाक्य होतं, ‘प्रभागात नियमित व मुबलक पाणीपुरवठा करण्यात येत आहे.’ करण्यात येत आहे! कोण करतंय, किती वाजता, किती वेळ, काही पत्ता नाही. आपल्या नगरपालिकेच्या मराठीत कर्ता सापडत नाही. काम बिघडलं तर मुळीच सापडत नाही.

अहवाल वाटायला निघाले तेव्हा आमच्या भागात पाणी सोडणारा वॉलमन भेटला. त्याला एक प्रत दिली. त्यानं पाण्याचं पान वाचलं, काही बोलला नाही, खिशातून छोटी वही काढून माझ्या हातात दिली. त्यात रोजची एक ओळ होती. ‘५.१० चालू, ५.५० बंद, टेकावर गेलं नाही.’ दुसऱ्या दिवशी, ‘लाईट नाही, ७ ला सोडलं, टेकावर थोडं.’ अशी तीन वर्षं. टेकावर चाळीसेक घरं होती आणि माझ्या अहवालात ती मुबलक पाणी पीत होती. आजच्या साहित्याच्या व्यासपीठावरून मी सांगते, आमच्या नगरपरिषदेत त्या काळात लिहिलं गेलेलं सगळ्यात चांगलं मराठी गद्य त्या वहीत होतं.

आता आजचं. दोन्ही गावांत जवळपास चार वर्षं प्रशासक होते. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणुका झाल्या, सभागृहात निवडून आलेली माणसं पुन्हा बसली. त्यांच्यातले बरेच जण इथं आहेत, निम्म्या आमच्या भगिनी आहेत. थोड्याच दिवसांत तुम्ही पहिला अहवाल लिहाल. त्यात काय लिहावं यावर मी थोडं बोलते.

भूमिपूजन लिहू नका. ठराव, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, निविदा, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, देयक, हा कामाचा रस्ता तुम्हाला पाठ होईल. लोकांना त्यातलं शेवटचं आणि त्यानंतरचं हवं असतं. काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराचा दोषदायित्वाचा काळ सुरू होतो, म्हणजे ठरलेल्या मुदतीत रस्ता उखडला तर त्यानं स्वखर्चानं दुरुस्त करायचा. ही मुदत कधी संपते हे गल्लीतल्या एकाही माणसाला ठाऊक नसतं. मुदत संपल्यावर खड्डा पडला की तो आपल्या घरपट्टीतून बुजतो. ती तारीख छापा. फोटोपेक्षा जागा कमी लागते.

पाण्याबद्दल बोलताना पाणी येतं कुठून तेही सांगा. बारामती शहर नीरा डाव्या कालव्यावर जगतं. भाटघरच्या पाण्यावरचा हा कालवा १८८० च्या दशकातला. त्याचं आवर्तन आलं की साठवण तलाव भरायचे आणि पुढचं येईपर्यंत पुरवायचे. इंदापूरकडं उजनीचा फुगवटा. १९८० साली धरण झालं, तालुक्यातली गावं पाण्याखाली गेली. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं आणि आपण ते बघायला जातो. नळाचं वेळापत्रक आवर्तनाशी आणि धरणाच्या पातळीशी जोडून सांगितलं तर लोक समजून घेतात. न सांगता पाणी तोडलं की हंडामोर्चा येतो, आणि तो यायलाच हवा.

जास्त पाण्याचंही तसंच. सप्टेंबर २०१९ मध्ये नाझरे धरणातून पाणी सुटलं, कऱ्हेला पूर आला आणि काठच्या वस्त्या रातोरात हलवाव्या लागल्या. २५ मे २०२५ ला, भर उन्हाळ्यात, एवढा पाऊस झाला की पिंपळी-लिमटेकजवळ कालवा फुटून पाणी पालखी महामार्गावर आलं. नदीकाठ सुशोभित करायला माझी ना नाही. संध्याकाळी बसायला जागा हवीच. पण बाकांच्या फोटोशेजारी निळी पूररेषा आणि लाल पूररेषा कुठून जातात याचा एक नकाशा द्या, आणि त्या रेषांच्या आत आपल्या प्रभागातली किती घरं येतात ते लिहा. मतं जातील? थोडी जातील.

बारामतीची हद्द २०१२ मध्ये वाढली. जळोची, तांदुळवाडी, रुई शहरात आली. हद्दवाढ झालेल्या कुठल्याही गावात विचारा, एकच वाक्य ऐकू येतं: कर शहराचा, रस्ता गावचा. त्यावर भाषण नको. कुठली गल्ली कुठल्या वर्षात, एवढा तक्ता पुरे.

यातलं मी काही नवीन मागत नाही. माहिती अधिकाराच्या २००५ च्या कायद्यातलं कलम ४ हेच सांगतं, की कुणी विचारायची वाट न पाहता माहिती आपणहून उघड करा. साहित्यिक मित्रांनाही एक काम आहे. नगरपरिषदेचं इतिवृत्त कधीतरी मागवून वाचा. ‘चर्चेअंती सर्वानुमते’ या दोन शब्दांमागं केवढी भांडणं मिटवलेली असतात ते कळेल. कादंबरी तिथं पडून आहे, कुणीतरी उचलायला हवी.

आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, निमगाव केतकी करत इंदापूरला जाते. त्या दिवसांत दोन्ही नगरपरिषदा टँकर, शौचालयं, दिवे यांची यादी किती नेमकी करतात ते मी पाहिलं आहे. कुठल्या चौकात किती, कुणाच्या ताब्यात, कर्मचारी कोण, सगळं त्यात असतं. म्हणजे आपल्याला येतं. पाहुण्यांसाठी जमतं ते वर्षभर घरच्यांसाठी करायचं, एवढंच.

तेव्हा नवीन नगरसेवकांना विनंती, यंदा पालखी यायच्या आत दोन पानांचा अहवाल लिहा. फोटो नको. न झालेली कामं पहिल्या पानावर घ्या. तो छापण्याआधी तुमच्या प्रभागातल्या वॉलमनला वाचायला द्या, आणि त्यानं खोडलेलं वाक्य पुन्हा लिहू नका. एक प्रत मला पाठवा, मी शेवटपर्यंत वाचेन.