दिव्यांची माळ आणि वेळेचा हिशेब



गणेशोत्सवाच्या मंडपावरील वा जत्रेच्या कमानीवरील रोषणाई महाराष्ट्राला नवी नाही. पूर्वीच्या माळेत दिवे धावत असल्याचा आभास निर्माण करावयाचा तर दिव्यांचे तीन-चार गट पाडून प्रत्येक गटाला वेगळी तार न्यावी लागे. एका गटातील सर्व दिवे एकदमच लागत आणि एकदमच विझत. आता बाजारात सर्रास मिळणाऱ्या एल.ई.डी. पट्टीने ही अडचण दूर केली आहे. या पट्टीला तीनच तारा असतात. दोन विजेच्या आणि एक संदेशाची. असे असूनही तीनशेव्या दिव्याने निळे व्हावे आणि त्याच्या शेजाऱ्याने पिवळे व्हावे, असे प्रत्येकाला निरनिराळे सांगता येते. हे सांगण्याचे काम मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एकाच चिपवर मावणारा छोटा संगणक, करीत असतो. आणि त्यासाठी त्याच्यात घातलेल्या आज्ञावलीला ड्रायव्हर असे म्हणतात.

सन २०१६ मध्ये नीती आयोगाच्या अटल नवोन्मेष अभियानाखाली शाळांतून अटल टिंकरिंग लॅब सुरू करण्याची योजना आखली गेली. देशभरातील १०,००० शाळांपर्यंत ही योजना पोहोचली असून त्यांत महाराष्ट्रातील शाळाही आहेत. या प्रयोगशाळांतून आर्डुइनोच्या पाट्या आणि रंगीत दिव्यांच्या पट्ट्या मुलांच्या हाती येतात. मुले तयार ड्रायव्हर जोडतात, पट्टी उजळते आणि टाळ्या पडतात. तयार ड्रायव्हर वापरण्यात गैर काहीच नाही. परंतु त्याच्या पोटात काय चालले आहे हे शिक्षकाला ठाऊक नसेल, तर त्याच पट्टीचे घड्याळ केल्यावर ते मागे का पडते याचे उत्तर त्याला देता येणार नाही. तो प्रश्न मुले आज ना उद्या विचारणारच.

या पट्टीवरील सर्वांत रूढ दिवा डब्ल्यूएस २८१२ बी या नावाने ओळखला जातो. चीनमधील वर्ल्डसेमी या कंपनीने तो प्रचारात आणला. तांबडा, हिरवा आणि निळा असे तीन सूक्ष्म दिवे आणि त्यांच्यावर देखरेख करणारी एक चिप, असा चौघांचा संसार ५ मिलिमीटर लांबी-रुंदीच्या एका डबीत मांडलेला असतो. प्रत्येक रंगाच्या तेजाच्या २५६ पायऱ्या असतात. एका रंगासाठी ८ बिट, म्हणजे ० किंवा १ अशी आठ चिन्हे लागतात. तीन रंगांची मिळून २४ होतात. त्यांत पहिला मान हिरव्याचा असतो. हे ठाऊक नसलेला विद्यार्थी तांबडा मागतो आणि त्याला हिरवा मिळतो.

आता, प्रत्येक दिव्याला आपला संदेश कोणता हे कसे कळते? दिव्यांना क्रमांक दिलेले नसतात. शिक्षक वर्गात वह्या वाटतात तेव्हा पहिल्या बाकावरील मुलगा वरची वही स्वतःकडे ठेवतो व उरलेला गठ्ठा मागे देतो. दुसराही तसेच करतो. येथेही पहिला दिवा पहिले २४ बिट ठेवून घेतो आणि पुढचे सर्व जसेच्या तसे, किंबहुना झिजलेला आकार पुन्हा नीट करून, दुसऱ्याकडे पाठवितो. संदेश संपून तार काही काळ शांत राहिली की सर्व दिवे आपापला रंग एकदम धारण करतात. ही शांतता जुन्या नगांना ५० मायक्रोसेकंद पुरे, तर नव्या नगांना २८० हून अधिक मायक्रोसेकंद लागते. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दशलक्षांश.

खरी मेख पुढेच आहे. संदेशाची तार एकच असल्यामुळे ० आणि १ यांतील भेद केवळ वेळेने दाखवावा लागतो. दोन्ही चिन्हांसाठी तारेवरील दाब आधी वर जातो व मग खाली येतो. तो ०.४ मायक्रोसेकंद वर राहिला तर शून्य, ०.८ राहिला तर एक. एका बिटाचा एकूण काळ १.२५ मायक्रोसेकंद असतो आणि मापात दोन्ही बाजूंना ०.१५ एवढीच सूट आहे. आर्डुइनो उनोवरील एटीमेगा ३२८ पी ही चिप सेकंदाला १ कोटी ६० लक्ष ठोक्यांनी चालते. म्हणजे तिचा एक ठोका ६२.५ नॅनोसेकंदांचा झाला. नॅनोसेकंद हा मायक्रोसेकंदाचा हजारावा भाग होय. तेव्हा एका बिटासाठी तिच्या हाती मोजून २० ठोके येतात. शून्यासाठी ६ ठोके तार वर ठेवावी, एकासाठी १३. तेवढ्याच २० ठोक्यांत पुढचा बिट काढावयाचा, तो ० की १ हे पाहावयाचे, बाइट संपला असल्यास स्मृतीतून नवा आणावयाचा, आणि शिवाय दिवे संपले का हेही तपासावयाचे.

शाळेत शिकविली जाणारी digitalWrite या अर्थाची, म्हणजे ‘डिजिटल राइट’ ही आज्ञा येथे निरुपयोगी ठरते, कारण तार एकदा वर करण्यासच तिला संपूर्ण बिटाच्या काळापेक्षा अधिक वेळ लागतो. म्हणून ड्रायव्हरचा हा गाभा चिपच्या मूळ भाषेत, असेंब्लीत, एकेक आज्ञा मोजून लिहावा लागतो. बिट ० असो की १, दोन्ही वाटांची लांबी सारखी यावी यासाठी मध्ये काहीही न करणाऱ्या आज्ञा मुद्दाम पेरतात. काहीच न करण्यासाठी वेळ राखून ठेवावा लागतो, असे कामकाजाचे हे दुर्मीळच क्षेत्र म्हणावे लागेल.

आता घड्याळाकडे वळणे इष्ट. संदेश जात असता चिपला कोणी मध्येच हाक मारली, तर बिटाची लांबी बिघडेल आणि भलतेच रंग उमटतील. यास्तव उनोवरील प्रचलित ड्रायव्हर संदेश संपेपर्यंत असल्या सर्व हाका, ज्यांना तांत्रिक भाषेत व्यत्यय म्हणतात, बंद ठेवतो. परंतु आर्डुइनोचे स्वतःचे वेळेचे भानही अशाच एका हाकेवर अवलंबून आहे. दर १.०२४ मिलिसेकंदांनी ती हाक येते आणि प्रत्येक वेळी वेळेच्या वहीत एक नोंद होते. कान बंद असता एक हाक आली तर ती दारात थांबून राहते; दोन आल्या तर एक कायमची हरवते.

समजा, शाळेच्या व्हरांड्यात ६० दिव्यांचे वर्तुळ करून घड्याळ लावले. एका दिव्याच्या संदेशास ३० मायक्रोसेकंद लागतात, साठांस १.८ मिलिसेकंद. म्हणजे प्रत्येक वेळी चित्र बदलताना सरासरीने पाऊण मिलिसेकंदाहून थोडा अधिक वेळ हिशेबातून गळतो. सेकंदाला २५ चित्रे दाखविली, तर तासाला सुमारे ७० सेकंदांची तूट येते. तीन तासांच्या परीक्षेत हे घड्याळ साडेतीन मिनिटे मागे पडेल, आणि शाळेची घंटा त्यावर विसंबून देणाऱ्या शिपायाला दोष लागेल. दिवे ३०० असतील तर संदेशास ९ मिलिसेकंद लागतात आणि तूट तासाला १२ मिनिटांच्या घरात जाते. आज्ञावलीत चूक एकही नसते. दिवे बिनचूक लागतात, म्हणूनच संशय दिव्यांवर जात नाही.

यावरील सर्वांत सोपा उपाय असा की, वेळ राखण्याचे काम त्या चिपकडून काढून घ्यावे. डीएस ३२३१ नावाची घड्याळाची चिप स्वतःच्या बॅटरीवर चालते व सामान्य तापमानात वर्षाकाठी फार तर मिनिटभराने चुकते. ड्रायव्हरने दोन संदेशांच्या मध्ये तिला वेळ विचारावी. दुसरा उपाय म्हणजे प्रत्येक दिव्यानंतर क्षणभर कान उघडे ठेवणे. कागदावर तो उत्तम दिसतो, पण त्यात धोका आहे. शांततेचा काळ ५० मायक्रोसेकंद लिहिलेला असला तरी कित्येक नग त्याच्या पुष्कळ आधीच संदेश संपला असे मानतात, आणि माळेचा शेवटचा भाग जुन्याच रंगात अडकून राहतो.

तिसरी वाट अधिक शहाणपणाची आहे. ती अशी की, ठोके मोजण्याचे काम मुख्य संगणकाने करूच नये. काही ड्रायव्हर एस.पी.आय. या सामान्य दळणवळणाच्या सोयीचा उपयोग करून घेतात. ती सेकंदाला २४ लक्ष बिटांच्या वेगाने चालवावयाची आणि शून्याऐवजी १००, एकाऐवजी ११० असे तीन-तीन बिट पाठवावयाचे. तारेवर आपोआप हवा तोच आकार उमटतो. जागा मात्र तिप्पट लागते. सन २०२१ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय पिको या पाटीवरील आरपी २०४० चिपमध्ये तर अशा कामासाठी आठ छोटी यंत्रे स्वतंत्रच दिलेली आहेत. त्यांपैकी एकास अवघ्या चार आज्ञा देऊन ठेवल्या की ते बिटांमागून बिट अचूक पाठवीत राहते आणि मुख्य संगणक आपल्या कामास मोकळा राहतो. नव्याने साहित्य खरेदी करणाऱ्या शाळेने या फरकाचा विचार अवश्य करावा. मात्र शिकविण्यासाठी जुनी उनोच बरी, कारण वेळेची टंचाई तिच्यावरच प्रत्यक्ष अनुभवास येते. तिची स्मृतीही अवघी २ किलोबाइट आहे. प्रत्येक दिवा त्यांतील ३ बाइट घेतो, त्यामुळे ६०० दिवे जोडताच इतर कामांस जागा उरत नाही.

पंचायतीच्या सदस्यांच्या दृष्टीने अधिक जिव्हाळ्याची बाब विजेची आहे. एक दिवा पूर्ण पांढऱ्या तेजाने लागला तर सुमारे ६० मिलिअँपिअर प्रवाह घेतो. हा आकडा क्षुल्लक वाटतो. परंतु पाच मीटरच्या पट्टीवर ३०० दिवे असतील तर तो १८ अँपिअर होतो. दाब ५ व्होल्टच असल्याने हाताला झटका बसत नाही, आणि त्यामुळेच माणूस गाफील राहतो. बारीक तारेतून १८ अँपिअर नेले तर ती तापते, तिचे आवरण वितळते आणि खाली मंडपाचे कापड असते. शिवाय पट्टीच्या दूरच्या टोकाशी दाब उतरून पांढरा प्रकाश पिवळट-तांबूस दिसू लागतो. हे लक्षण दिसताच तेज वाढवू नये. जाड तारेने दुसऱ्या टोकासही वीज द्यावी.

येथे ड्रायव्हर मोलाचे काम करू शकतो. पाठवावयाचे सर्व आकडे त्याच्या हाताखालूनच जातात. त्यांची बेरीज करून, प्रत्येक रंगाच्या २५५ या मानास २० मिलिअँपिअर या हिशेबाने, किती प्रवाह लागेल हे त्याला आधीच काढता येते; आणि तो ठरविलेल्या मर्यादेबाहेर जात असेल तर सर्व आकडे सारख्याच प्रमाणात घटविता येतात. फास्टएलईडी या सर्वांना खुल्या असलेल्या आज्ञावली-संग्रहात ही सोय तयार आहे, पण मर्यादा किती हे वापरणाऱ्यानेच सांगावयाचे असते. तेज निम्म्यावर आणले तरी डोळ्याला ते निम्मे भासत नाही, त्यामुळे शोभेत फारसे उणे पडत नाही. एवढे करूनही पट्टीच्या मुळाशी योग्य मापाचा फ्यूज हवाच. आज्ञावली अडकून पडली तर दिवे शेवटच्या मिळालेल्या रंगातच जळत राहतात, आणि तो रंग पूर्ण पांढरा असू शकतो.

जोडणी करताना एक गोष्ट ध्यानी ठेवावी. पट्टीला ५ व्होल्ट दिलेले असता संदेशाचा दाब निदान ३.५ व्होल्टपर्यंत चढला पाहिजे. पिकोसारख्या नव्या पाट्या ३.३ व्होल्टच देतात. पुष्कळदा पट्टी तरीही चालते, टेबलावर हमखास चालते, आणि तार लांबली की कार्यक्रमाच्या दिवशी लुकलुकू लागते. मुले मग रात्रभर आज्ञावलीत दोष शोधीत बसतात. मध्ये ७४ एएचसीटी १२५ ही दाब वाढविणारी स्वस्त चिप घालावी, संदेशाच्या तारेत पट्टीजवळ ३०० ते ५०० ओहमचा रोधक बसवावा, आणि पाटीची व पट्टीची ऋण तार सर्वांत आधी जोडून सर्वांत शेवटी सोडावी.