फलकावरची बातमी आणि आपण
(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात चिपळूण येथे दिलेले भाषण)



शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत, अशी आज मला आज्ञा झाली आहे. मी शिक्षणाविषयीच बोलणार आहे. मात्र आजचा धडा पाठ्यपुस्तकातला नाही. तो नगर परिषदेच्या कचेरीतील सूचना फलकावरचा आहे.

आपल्या गावात बातम्यांना तोटा नाही. मासळी बाजारात, चहाच्या टपरीवर, नमाजानंतर मशिदीच्या ओट्यावर आणि आता मोबाईलवर दिवसभर बातम्या फिरत असतात. घरपट्टी वाढणार, रस्ता रुंद होणार, अमक्याचे घर जाणार! ऐकणारा घाबरतो, चार शिव्या हासडतो आणि घरी जातो. परंतु ओट्यावरच्या बातमीला तारीख नसते. फलकावरच्या सूचनेला तारीख असते, जावक क्रमांक असतो, खाली अधिकाऱ्याची सही असते आणि बहुधा एक वाक्य असते : "हरकती व सूचना अमुक दिनांकापर्यंत लेखी द्याव्यात." मित्रहो, सामान्य माणसाचा हक्क त्या एका वाक्यात असतो. ती तारीख उलटली की हक्क संपतो आणि मागे तक्रार उरते.

आपल्या चिपळूणचेच उदाहरण घ्या. 26 जुलै 2005 चा पूर वडीलधाऱ्यांच्या लक्षात आहे आणि 22 जुलै 2021 चा पूर तर लहान मुलांच्याही लक्षात आहे. वाशिष्ठी आणि शिव या दोन्ही नद्यांचे पाणी गावात शिरले. बाजारपेठ बुडाली. 1864 साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिराचे ग्रंथही पाण्याने सोडले नाहीत. पाण्याने घर कोणाचे हे विचारले नाही. नदीकाठचे पेठमाप असो की बाजारातली पेढी असो, चिखल सर्वांच्या घरी सारखाच होता.

त्यानंतर काय घडले, ते विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. नद्यांतील गाळ काढावा, या मागणीसाठी गावातील लोक चिपळूण बचाव समितीच्या नावाने एकत्र आले आणि 2021 च्या डिसेंबरमध्ये त्यांनी साखळी उपोषण केले. पुढे 2022 मध्ये गाळ काढण्याचे काम सुरू झाले. नुसत्या हळहळीने एक टोपलीही गाळ निघाला नसता. लोकांनी लेखी मागणी केली, बैठकांना हजेरी लावली आणि पाठपुरावा सोडला नाही, म्हणून यंत्रे नदीत उतरली.

त्याच काळात पूररेषांची चर्चा घरोघर झाली. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा. नदी आणि निळी रेषा यांमधला पट्टा निषिद्ध क्षेत्र होय. निळ्या आणि लाल रेषेमधला पट्टा नियंत्रित क्षेत्र होय. मुलाने आखातात वर्षानुवर्षे घाम गाळून पाठवलेल्या पैशांतून बाप घर बांधायला काढतो. आपली जागा कोणत्या पट्ट्यात येते, हे त्याने पाया खणण्याआधी नकाशावर पाहायला नको काय? नकाशा पाहणे हेही वाचनच आहे.

आता शिक्षक म्हणून माझ्या रोजच्या कामातील गोष्ट सांगतो. शाळेत प्रवेश घेताना जन्माच्या दाखल्यावर एक नाव, आधार कार्डावर दुसरे आणि वडिलांच्या पासपोर्टवर आडनावाचे तिसरेच स्पेलिंग, असे पुष्कळदा आढळते. पालक म्हणतात, "सर, पुढे बघू." परंतु हेच मूल पुढे शिष्यवृत्तीला, पासपोर्टला किंवा नोकरीला अर्ज करते, तेव्हा त्या एका अक्षरापायी महिनोन्महिने खेटे घालावे लागतात.

जन्माची नोंद ठेवणे हे शहरात नगर परिषदेचे काम आहे. 1969 च्या कायद्यानुसार 21 दिवसांच्या आत नोंद केली तर फी लागत नाही. एक वर्ष उलटून गेले तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो. बाळाचे नाव ठरायचे असेल तर नावाशिवायही नोंद होते. मग 12 महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते आणि त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. 1 ऑक्टोबर 2023 पासून दुरुस्त कायदा लागू झाला. त्या दिवशी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदार यादी, वाहन परवाना अशा कामांसाठी जन्मतारखेचा व जन्मस्थळाचा पुरावा म्हणून जन्म दाखलाच धरला जाणार आहे. अकीक्याची दावत आपण थाटाने करतो आणि ती करावीही. पण दावतीची यादी करण्याआधी बाळाच्या नोंदीतले स्पेलिंग तपासून घ्यावे, एवढीच माझी विनंती आहे.

माता-भगिनींना एक विशेष सांगणे आहे. कोकणातील आपल्या अनेक घरांत कर्ता पुरुष परदेशी असतो आणि घरपट्टी, पाणीपट्टी, शाळा, दवाखाना हे सारे बाईच सांभाळते. मग नगर परिषदेच्या सूचनेची वाट पुरुषाने सुटीवर येईपर्यंत का पाहावी? 74 व्या घटनादुरुस्तीने 1993 पासून नगरपालिकांत स्त्रियांना किमान एक तृतीयांश जागा मिळाल्या. महाराष्ट्राने 2011 मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. निम्म्या जागा तुमच्या आहेत. मात्र त्या जागेवर बसणाऱ्या बाईला अंदाजपत्रक वाचता आले पाहिजे. नाही तर खुर्ची तिची आणि कारभार दुसऱ्याचा, असे होते.

नगर परिषदेची सभा अध्यक्षांनी एखाद्या विषयापुरती बंद ठेवली नाही, तर जनतेला खुली असते. किती जण तेथे जाऊन बसले आहेत? एखाद्या कामाचा हिशेब हवा असेल तर 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने 10 रुपयांच्या अर्जावर तो मागता येतो आणि सामान्यतः 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. राज्यातील अनेक नगर परिषदांचा कारभार काही वर्षे प्रशासकांकडे होता. 2025 च्या डिसेंबरमध्ये निवडणुका झाल्या आणि लोकप्रतिनिधी पुन्हा आले. मतदानाच्या दिवशी आपण रांग लावतो. त्यानंतर पाच वर्षे मात्र रस्त्यात भेटलेल्या नगरसेवकाला टोमणा मारण्यापलीकडे आपला संबंध उरत नाही.

काही जण म्हणतील, शिक्षणसंस्थेला या भानगडी कशाला? त्यांनी बद्रुद्दीन तय्यबजींचे चरित्र पाहावे. 1873 मध्ये ते मुंबई महानगरपालिकेत निवडून गेले आणि 1874 मध्ये अंजुमन-ए-इस्लामची स्थापना झाली, तिच्या संस्थापकांत ते होते. शाळा काढणारा माणूस शहराच्या गटारांची आणि पाण्याचीही चिंता वाहत होता. त्यांच्या दृष्टीने ही दोन्ही कामे समाजाचीच होती.

म्हणून एक साधी सूचना मांडतो. इयत्ता नववीच्या दोन विद्यार्थ्यांनी आणि दोन विद्यार्थिनींनी दर आठवड्याला नगर परिषदेचा फलक वाचावा आणि सूचनेचा विषय, शेवटची तारीख व अर्ज कोठे द्यायचा, एवढ्या तीन गोष्टी वहीत उतरवाव्यात. शिक्षकांनी त्या तपासाव्यात. त्यांची प्रत शाळेच्या फाटकावर लावावी आणि जुम्याच्या दिवशी मशिदीच्या फळ्यावरही लावावी. त्यात कोणत्याही पक्षाचे नाव नको, मतप्रदर्शन नको. फक्त काम आणि तारीख. अर्ज दिला तर त्याची पोच घ्यावी आणि ती जपून ठेवावी, हेही मुलांना याच वयात शिकवावे. फलक सर्वांचा आहे, तेव्हा शेजारच्या आळीतील मुलांनाही बरोबर घ्यावे. पुरात जे शेजारी एकत्र होते, ते कोरड्या दिवसांतही एकत्र असावेत.

आपल्या दीनचा पहिला संदेशच वाचण्याचा आहे. आपण मुलांना वाचायला शिकवले. आता त्यांनी काय वाचावे, हेही दाखवू या. ज्या घरातील मूल गावची सूचना वाचून आईला समजावून सांगते, त्या घराला कोणी सहजासहजी फसवू शकत नाही. अल्लाह आपणा सर्वांना ही तौफीक देवो.