लग्नाचा चौक व आपला मंडप
(सुवर्णमहोत्सवाच्या सभेंत केलेलें भाषण)



 विषयाची निवड एका क्षुल्लक प्रसंगानें करून दिली. मंडपाच्या दाराशीं वारली चित्रांचें छापील कापड लावावें असें सजावट समितीनें ठरविलें होतें. नमुना आला, तो ओसरीवर पसरला, व सर्वांनीं वाखाणला. मध्यभागीं नक्षीदार चौकट व तींत एक आकृति होती. देवळाचें आवार झाडण्यास येणाऱ्या आमच्या वारली भगिनीनें तो क्षणभर न्याहाळला आणि विचारलें कीं, लग्न कोणाचें आहे? आम्हां शिकल्या-सवरल्यांपैकीं एकालाही उत्तर देतां आलें नाहीं.

तिचा प्रश्न अगदीं रास्त होता. त्या चौकटीस लग्नाचा चौक म्हणतात. डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा ह्या भागांतील वारली लोकांच्या झोपड्या कारवीच्या कुडाच्या, वर शेणमातीचा लेप. लग्न निघालें म्हणजे आंतील भिंत गेरूनें सारवितात. तांदळाचें पीठ पाण्यांत कालवून, बांबूच्या काडीचें टोंक चावून केलेल्या कुंचल्यानें, सवाष्ण स्त्रिया तीवर चौक लिहितात. मध्यें पालघट देवी. जवळच दुसऱ्या लहान चौकांत घोड्यावरचा पंचशिऱ्या. भोंवतीं झाडें, पक्षी, तारपा वाजविणारा, आणि त्याच्याभोंवतीं फेर धरून नाचणारीं माणसें. माणसाचें अंग म्हणजे टोंकाशीं टोंक जोडलेले दोन त्रिकोण. तेवढ्यावर तीं माणसें वांकतात, पेरतात, नाचतात! धवलेरी गाणीं म्हणून देवीस बोलाविते. चौकावांचून लग्न लागत नाहीं. कार्य उरकलें कीं त्या चित्राचें काम संपलें. पुढें धुरानें व पावसानें तें पुसलें जातें, आणि त्याबद्दल कोणी हळहळत नाहीं.

परंतु ह्याच लग्नाची दुसरी एक कथा आहे, आणि ती वसईच्या वाडीवाल्यांनीं तरी विसरूं नये. लग्नाच्या खर्चाकरितां सावकाराकडून अगर जमीनदाराकडून थोडे पैसे घ्यावे, आणि त्यांपायीं नवराबायकोनें त्याच्या घरीं राबत राहावें, अशा माणसास लग्नगडी म्हणत. 1945 सालीं डहाणू-उंबरगांवकडील वारल्यांनीं ही वेठ झुगारून दिली. गोदावरी परुळेकरांनीं ती हकीकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ह्या पुस्तकांत लिहून ठेविली आहे. ज्या भिंतीवर चौक लिहिला जाई, तिच्याच आड माणूस गहाण पडत असे. आमच्याही वाड्यांत वारली हात राबले. त्यांच्या घरांतील भिंत आम्हीं किती वेळां पाहिली, हें ज्यानें त्यानें आपल्या मनाशीं विचारावें.

ही कला जगापुढें आली ती 1970 नंतरच्या कांहीं वर्षांत. भास्कर कुलकर्णी नांवाचे चित्रकार पूर्वीं बिहारांत, 1966-67 च्या दुष्काळांत, मिथिलेच्या स्त्रियांस कागद देऊन आले होते. तेच डहाणूकडे आले. तेथें त्यांस जिव्या सोमा म्हसे भेटले. म्हसे जन्मले 1934 च्या सुमारास. लहानपणींच आई गेली, तेव्हां हें मूल बोलेनासें झालें आणि धुळींत चित्रें काढून मनांतलें सांगूं लागलें, असें सांगतात. स्त्रियांचें हें काम त्या पुरुषानें कागदावर व कापडावर आणिलें. लग्नाची वाट न पाहतां तो रोज चित्रें काढूं लागला. त्याच्या जाळ्यांत मासे आले, वारुळांत मुंग्या आल्या, आगगाडीही आली. 2011 सालीं त्यांस पद्मश्री मिळाली. 2018 सालीं ते निवर्तले. त्यांच्यामागून पाड्यापाड्यांत तरुणांनीं कुंचला धरला आणि कित्येक चुली त्यावर पेटूं लागल्या. ह्यास आम्ही पुनरुज्जीवन म्हणतों, व तें आम्हांस मनापासून प्रिय आहे.

तरी एक शल्य उरतें. ज्या सवाष्णींनीं पिढ्यान्‌पिढ्या चौक लिहिला, त्यांचीं नांवें कोठेंच नाहींत. आणि आतां तर गिरणींत छापलेल्या उशा, पेले, पडदे ह्यांवर तीच माणसें नाचतात. त्यांतील पैसा पाड्यावर पोंचतोच असें नाहीं. आपला नमुनाही त्याच जातीचा होता.

कोणी म्हणेल, ख्रिस्ती मंदिरास ह्या कलेशीं काय कर्तव्य? पण कोणत्याही एका कलाशैलीस पवित्र ख्रिस्तसभेनें आपली एकटीची मानिलें नाहीं, असें दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें 1963 सालींच सांगितलें आहे. त्यापूर्वीं कितीतरी आधीं आंजेलो द फोन्सेका ह्या गोमंतकीय चित्रकारानें पवित्र मरियेस लुगडें नेसविलें, आणि त्याबद्दल स्वकीयांचे बोल खाल्ले. तेव्हां वारली रेषा आपल्या भिंतीस परकी नाहीं. मात्र चौक ही दुसऱ्याच्या देवघरांतील वस्तु आहे. आपली वेदी कोणी दुकानाच्या पाटीवर शोभेसाठीं छापिली, तर आपणांस कसें वाटेल? म्हणून पालघटीचा चौक आम्ही घेऊं नये, असें आमचें स्पष्ट मत. भातलावणी, मासेमारी, तारप्याचा फेर हें खुशाल घ्यावें. पण लिहिणाऱ्या हातांकडूनच.

समितीनें हें मान्य केलें, ह्याबद्दल तिचे आभार. कापडाचा विसार बुडाला, त्याबद्दल खजिनदारांची क्षमा मागतों. बाहेरील ओसरीची भिंत गेरूनें सारवून तयार आहे. आवार झाडणाऱ्या त्याच भगिनीच्या माहेरच्या दोघी जणी भातकापणी आटोपल्यावर येणार आहेत. मजुरी त्यांनीं सांगितली तीच ठरली आहे. घासाघीस झालेली नाहीं. त्या काय काढणार, हें आम्हीं विचारलें नाहीं. भिंतीच्या खालच्या कोंपऱ्यांत त्यांचीं नांवें लिहावयाचीं आहेत; तेवढी जागा मुलांनीं खडूनें रंगवूं नये, अशी आईबापांस विनंति आहे.